'असू दे की' कुणाच्या खर्चाने?

टिळकवाडीत कुणी दुकानात नाहीतर हॉटेलात घसरून पडलं, की बघणाऱ्यांच्या तोंडी एकच वाक्य येतं, "असू दे की, मालक ओळखीचाच हाय." आमच्यासारख्या ख्रिस्ती घरात तर त्याला क्षमा असं नावही मिळतं. भरपाई मागणारा भांडखोर आणि गप्प बसणारा समजूतदार, असा आपला हिशोब. मला तो पटत नाही.

का ते सांगते. गेल्या पावसाळ्यात माझी मावशी इथल्याच एका हॉटेलात चहा पिऊन, बिल देऊन निघाली. फरशी नुकतीच पुसलेली, ओलीच होती. पाटी नाही, पायपुसणं नाही. ती घसरली आणि मनगटाचं हाड मोडलं. एक्स-रे, प्लास्टर, वर दीड महिना शिवणकाम बंद. मालक घरी येऊन गेले, पिशवीभर फळं ठेवली आणि जाताना म्हणाले, "त्या पोराला काढून टाकलं बघा." घरच्यांना वाटलं, विषय मिटला. पण नीट बघा. मावशीने माफ केलं ते मालकाला, आणि नोकरी गेली फरशी पुसणाऱ्या पोराची. फरशी अजून तशीच गुळगुळीत आहे.

कायदा याच्या उलट विचार करतो. कामावरच्या माणसाकडून काम करताना हलगर्जी झाली, तर भरपाईची जबाबदारी मालकावर येते. धंद्याचा नफा त्यांचा, तर धंद्यातला धोकाही त्यांनी सांभाळायचा. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात पैसे देऊन घेतलेल्या सेवेतला निष्काळजीपणा ही सेवेतली त्रुटी धरली जाते. तक्रार जिल्हा ग्राहक आयोगाकडे करायची, दोन वर्षांच्या आत. वकील लावलाच पाहिजे असं नाही, आणि 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फीसुद्धा नाही. आधी नुसती माहिती हवी असेल तर 1915 हा राष्ट्रीय हेल्पलाइनचा नंबर आहे.

"आम्ही जबाबदार नाही" अशी पाटी लावली की मालक सुटतो, असंही आपण धरून चालतो. दिल्लीच्या ताजमहाल हॉटेलात पार्किंगसाठी सोपवलेली एक गाडी चोरीला गेली होती. पार्किंगच्या चिठ्ठीवर जोखीम गाडीमालकाची, असं छापलेलं होतं. हॉटेलचाच निष्काळजीपणा असेल तर अशा छापील ओळीआड लपता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये सांगितलं.

दुसरी बाजूही खरी आहे. 1972 मध्ये लुफ्तान्साचे एक जर्मन सहवैमानिक दिल्लीच्या ओबेरॉय इंटरकॉन्टिनेंटल हॉटेलच्या तलावात सूर मारताना जखमी झाले आणि लुळे पडले. खटला चालू असतानाच 1985 मध्ये ते वारले. 50 लाखांच्या भरपाईचा निकाल आला 1997 मध्ये, आणि अपिलात तोही टिकला नाही. घरची मोठी माणसं कोर्टाची पायरी नको म्हणतात, ते काही उगीच नाही.

म्हणून प्रत्येक पडण्याचा खटला करा, असं मी म्हणत नाही. आधी तीन गोष्टी स्वतःला विचाराव्यात. हा धोका मालकाला सहज टाळता आला असता का? आपण बघून चाललो होतो का? कारण आपलीही चूक असेल तर भरपाई तेवढी कमी होऊ शकते. आणि झालेलं नुकसान कागदावर दाखवता येतं का? तिन्ही उत्तरं आपल्या बाजूने असली, तरी पहिलं पाऊल खटला नव्हे, पत्र. उपचाराचा खर्च, बुडालेली कमाई आणि फरशीची दुरुस्ती, एवढं लेखी मागायचं. मावशीच्या पत्रात आम्ही आणखी एक ओळ घातली आहे: त्या पोराला परत कामावर घ्या. आयोग कदाचित ते देऊ शकणार नाही, पण मागणं आमचं आहे. महिन्याभरात उत्तर आलं नाही तर तक्रार करायची, असं मावशीने स्वतः ठरवलंय.

क्षमेचा दाखला देणाऱ्यांना मी बायबलमधलाच अनुवाद हा ग्रंथ दाखवते. त्याच्या 22 व्या अध्यायात नवं घर बांधणाऱ्याला गच्चीला कठडा घालायला सांगितलंय, म्हणजे कुणी पडून मेलं तर त्या रक्ताचा दोष घरावर येणार नाही. तिथे पडणाऱ्याला बघून चाल असं सांगितलेलं नाही, घराच्या मालकाला कठडा घाल असं सांगितलंय. मनात राग न ठेवता माफ करता येतं, आणि माफ करूनही कठडा मागता येतो.

तेव्हा मित्रमैत्रिणींनो, कुठे पडलात तर बिल फेकू नका. जागेचा फोटो काढा, डॉक्टरांचे कागद जपा, आणि सीसीटीव्हीचं चित्रण राखून ठेवा असं लगेच लेखी कळवा, कारण ते फार दिवस राहत नाही. खटला करायचा की नाही हे नंतर शांतपणे ठरवता येईल. पुरावाच नसला तर ठरवायला काही उरत नाही.