‘होईल सवय’ म्हणण्याआधी

“एका घरात दोन मांजरं ना? भांडतील चार दिवस आणि होतील गप्प. होईल सवय!” गेल्या वर्षी दिवाळीनंतर माझी आई चिपळूणजवळच्या आमच्या घराला कुलूप लावून माझ्याकडे कराडला कायमची राहायला आली, तेव्हा हे वाक्य मला निदान दहा जणींनी ऐकवलं. आणि खरं सांगू? मी स्वतःही तेच म्हणत होते.

आईचं वय शहात्तर. बाबा गेल्यावर तीन वर्षं तिनं एकटीनं काढली. सोबतीला चिमी, कोकणात म्हणतात तशी भाटी, सहा वर्षांची. भाऊ पुण्यात असतो. त्याचा आग्रह होता, पण त्याच्या फ्लॅटमध्ये मांजर चालणार नव्हतं. “मग मी पण नाही येणार,” आई म्हणाली. आमच्याकडे आधीच एक बोका होता, गुंड्या. म्हणजे मांजराची सवय असलेलं घर. मग अडचण कसली?

आम्ही पहिल्याच दिवशी चूक केली. प्रवासानं अर्धमेली झालेल्या चिमीची टोपली सरळ हॉलच्या मधोमध उघडली. “होऊ दे ओळख,” हे म्हणाले. गुंड्याची शेपटी बाटली धुवायच्या ब्रशसारखी फुगली. चिमी जी कपाटाखाली गेली ती रात्रीपर्यंत बाहेर आली नाही.

पुढचे आठ दिवस घरात फार आरडाओरडा नव्हता, म्हणून आम्हाला वाटलं जमतंय. आता कळतं की, मांजरांची भांडणं नेहमी आवाज करत नाहीत. गुंड्या स्वयंपाकघराच्या दारात नुसता बसून राहायचा, चिमीकडे टक लावून. ती उपाशी मागे फिरायची. रात्री सगळे झोपल्यावर चोरासारखी येऊन दोन घास खायची. पोटावरचे केस चाटून चाटून तिनं तिथं टक्कल पाडलं. आणि एके पहाटे पाण्याच्या आवाजानं मला जाग आली. बघते तर आई न्हाणीघरात चादर धुतेय. चिमीनं अंथरुणात लघवी केली होती. तीन रात्री हे चाललं होतं आणि आई कुणाला कळू नये म्हणून अंधारात चादर धूत होती. आपल्या लेकीच्या घरात!

मी काय केलं? फरशीवर भरपूर फिनेल ओतलं. गुंड्या फिस्कारला की वर्तमानपत्राची गुंडाळी करून त्याच्या पाठीत हाणली. दोन्ही गोष्टी चुकीच्या. फिनेल मांजरांना विषारी असतं. फरशीवरून चालून ती पंजे चाटतात आणि ते पोटात जातं. आणि मारल्यानं बोका शहाणा होत नाही. ‘ही आली की मला मार बसतो’ एवढंच तो शिकतो.

नवव्या दिवशी गुंड्या वाळूच्या घमेल्यात सारखा जाऊन बसायला लागला. कुंथायचा, ओरडायचा, बाहेर यायचा. वाळू कोरडी. मला वाटलं बद्धकोष्ठ असेल. संध्याकाळी तो उलट्या करू लागला तेव्हा रिक्षा करून जनावरांच्या डॉक्टरांकडे नेला. लघवी तुंबली होती. नळी घालून काढावी लागली, सलाईन लावलं, दोन दिवस तिथंच ठेवलं. डॉक्टर म्हणाले, “उद्या आणला असतात तर वाचला नसता. घरात काही बदल झालाय का?” मी चिमीचं सांगितलं. ताणामुळे मांजराच्या मूत्राशयाला सूज येऊ शकते आणि बोक्याचा मार्ग अरुंद असल्यानं तो बंद पडू शकतो, हे मला वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी कळलं.

घरी आले तर आई पिशवी भरून बसलेली. “अगो, मला आणि चिमीला गावी पोचवून ये. आमच्यामुळे तुझं घर बिघडायला नको.”

मैत्रिणींनो, त्या रात्री मला झोप लागली नाही. मी आठवड्यातले दोन दिवस महिला समुपदेशन केंद्रात बसते. नव्या सुनेला ‘ॲडजस्ट कर’ म्हणून सोडून देणाऱ्या किती घरांना मी समजावलंय! ‘तिला वेळ द्या, तिची म्हणून एक जागा द्या.’ आणि माझ्याच घरात मी एका मुक्या जीवाला टोपलीतून ओतलं आणि आईला... तिच्याकडे नंतर येते.

आम्ही पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. डॉक्टरांनी सांगितलं तसं, हट्टानं. तुमच्याही घरी दुसरं मांजर येणार असेल तर उपयोगी पडेल म्हणून सांगते.

आधी चिमीला डॉक्टरांना दाखवलं. पिसवा, जंत, रेबीजची लस, सगळं पार पाडलं. मग आईची मागची खोली फक्त चिमीची. दार बंद. आत तिचं वाळूचं घमेलं, त्यापासून लांब जेवण आणि पाणी, लपायला आडवा ठेवलेला खोका आणि आईच्या जुन्या लुगड्याची गोधडी. आई ती धुवायला निघाली होती. मी म्हटलं, “धुवू नकोस. तिला त्यात तिच्या घराचा वास येतोय.” मांजर जग ओळखतं ते नाकानं. गाल घासतं तेव्हा ते आपला वास लावून ‘हे माझं’ असं सांगत असतं. म्हणून रोज एक स्वच्छ फडकं चिमीच्या गालावरून फिरवून गुंड्याच्या जागेजवळ ठेवायचं आणि त्याचं तिच्याजवळ. नाकाला लावायचं नाही, नुसतं ठेवायचं. पहिल्या दिवशी गुंड्या फडक्यावर फिस्कारला. आठव्या दिवशी त्यावर झोपला!

मग बंद दाराच्या दोन बाजूंना दोघांची जेवणं. आधी दारापासून चार हात लांब, मग रोज थोडं जवळ. दोघंही शांतपणे खातायत असं दिसल्याशिवाय पुढं सरकायचं नाही. त्यानंतर ह्यांनी दाराला डासांच्या जाळीची चौकट ठोकून दिली. आता एकमेकांना बघत जेवण. कुणी गुरगुरलं की पुन्हा दोन पावलं मागे. शेवटी जाळी उघडून रोज पाच मिनिटं, आमच्या डोळ्यांदेखत. मग दहा, मग अर्धा तास. जुंपलीच तर मध्ये हात घालायचा नाही, नाहीतर चावा आपल्यालाच बसतो. मध्ये पुठ्ठा किंवा उशी धरायची. आणि कुठलंही मांजर चावलं तर जखम पंधरा मिनिटं साबणानं वाहत्या पाण्याखाली धुवायची आणि लगेच दवाखाना गाठायचा.

घरभर थोडे बदलही केले. दोन मांजरांना तीन घमेली, वेगवेगळ्या ठिकाणी, म्हणजे एकानं वाट अडवली तरी दुसऱ्याला सोय. जेवणाच्या ताटल्या एकमेकींना दिसणार नाहीत अशा. कपाटावर, फळीवर उंच जागा मोकळ्या केल्या. फिनेल बंद, साबणाचं पाणी सुरू. गुंड्याची नसबंदी आधीच झाली होती, चिमीचीही करून घेतली.

पावणेदोन महिने लागले. दोघं आज गळ्यात गळे घालून झोपतात असं मी म्हणणार नाही. एक फ्रीजवर, एक खिडकीत. पण वाटेत समोरासमोर आली तर गुंड्या डोळे अर्धवट मिटून बाजूला होतो आणि ती निघून जाते. मला वाटतं, हेही पुष्कळ आहे. कुत्रा कळपात राहणारा. मांजराचा पूर्वज मात्र आफ्रिकेतलं एकट्यानं शिकार करणारं रानमांजर. त्यानं दुसऱ्यावर प्रेम करायलाच हवं, हा आपला हट्ट. त्याला हवा असतो भरवसा, की माझं ताट, माझी जागा कुणी घेणार नाही.

या काळात एक सल्ला मला वारंवार मिळाला. “कशाला एवढं करता? त्यातलं एक पोत्यात घाला आणि नदीपलीकडे सोडून या.” आपल्याकडे हे सर्रास चालतं, चांगल्या घरांतूनही. माझं मत स्पष्ट आहे. आपल्या हातचं खाऊन वाढलेलं मांजर बाजारात सोडलं तर ते बहुधा स्वतंत्र होत नाही. ते उपाशी मरतं, कुत्र्यांच्या तोंडी जातं किंवा गाडीखाली येतं. जनावराला असं उपासमारीला सोडून देणं हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे. पण कायदा बाजूला ठेवा. ज्याला आपण नाव दिलं, त्याला पोत्यात कसं घालायचं?

आता आईबद्दल. तिची मांजराशी तुलना करतेय म्हणून रागावू नका. पण चिमीची ताटली वेगळी करताना माझ्या लक्षात आलं, आई चहा करायच्या आधी मला विचारते. “करू का गं?” टीव्हीचा रिमोट हातात घेत नाही. फोन आला की अंगणात जाऊन बोलते. गल्लीतल्या बायका विचारायच्या, “मुलगा असताना मुलीकडे?” ती हसून गप्प बसायची. आईवडिलांच्या निर्वाहाचा 2007 चा कायदाही मुलगा-मुलगी असा भेद करत नाही. पण गल्लीला कोण सांगणार? आणि मी तरी काय केलं होतं? ‘तुझंच घर आहे’ असं म्हटलं होतं. नुसतं म्हटलं होतं.

मग ओट्याजवळची एक फळी रिकामी करून तिच्या हवाली केली. तिचा तवा, तिची कुळथाची पिठी, तिचे डबे, तिला हवे तसे. घराच्या किल्लीची दुसरी प्रत करून तिच्या हातात दिली. ती बराच वेळ काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी मी केंद्रातून उशिरा आले, तर स्वयंपाकघरातून पिठल्याचा वास येत होता. तिनं विचारलं नव्हतं! भरलेली पिशवी तिनं कधी रिकामी केली ते मला कळलंसुद्धा नाही.

घरात नवं कुणीही येवो, सून, म्हातारी आई, नाहीतर मांजर, ‘होईल सवय’ म्हणून आपण जबाबदारी झटकतो. सवय आपोआप होत नसते. जो घरात आधीपासून आहे त्यालाही भीती असते आणि जो नव्यानं येतो त्यालाही. जागा करून देणं, वेळ देणं हे घर चालवणाऱ्या आपल्यासारख्यांचं काम. तुमच्या घरात कुणी गुपचूप पहाटे चादर धूत नाही ना, एवढं एकदा बघा.