जंगलाचा पर्यायवाची शब्द

काव्यातल्या शब्दाला खरा पर्याय नसतो, हे आपण वर्गात दरवर्षी सांगतो. 'वन', 'रान', 'अरण्य', 'जंगल' हे शब्द कोशात शेजारी बसतात. कवितेत मात्र एकाच्या जागी दुसरा चालत नाही. राज्यशासनाचा वनव्यवहार नेमक्या उलट गृहीतकावर उभा आहे. एका ठिकाणचे जंगल गेले, दुसरीकडे रोपे लावली, की हिशेब मिटला. या व्यवहाराचे नावच मुळी 'पर्यायी वनीकरण'.

१९८० च्या कायद्यानुसार धरण, खाण वा रस्ता यांसाठी वनजमीन द्यायची, तर प्रकल्पाकडून रोपांच्या खर्चाबरोबरच नष्ट होणाऱ्या जंगलाचे 'निव्वळ वर्तमान मूल्य'ही वसूल केले जाते. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये ते जंगलाच्या प्रतीनुसार हेक्टरी ४.३८ लाख ते १०.४३ लाख रुपये ठरवले. अभयारण्यात त्याच्या पाचपट, राष्ट्रीय उद्यानात दहापट. (दहापटीत बसते ते काय, आणि त्याबाहेर उरते ते काय, हा प्रश्न अर्थशास्त्राइतकाच समीक्षेचाही आहे.) २०२२ मध्ये हे दर वाढले. साचलेला पैसा वर्षानुवर्षे दिल्लीत पडून होता. २०१६ च्या कायद्याने त्यातला ९० टक्के वाटा राज्यांचा ठरला आणि ऑगस्ट २०१९ मध्ये राज्यांना ४७ हजार कोटींहून अधिक रक्कम मिळाली. महाराष्ट्राच्या पदरी सुमारे ३,८४४ कोटी रुपये आले. मूल्याच्या रकमेतून किमान ८० टक्के वन व वन्यजीव व्यवस्थापनावर खर्चावेत, असा २०१८ चा नियम आहे.

रक्कम मोठी आहे, आणि ती चांगल्या कामी लागत नाही असे मी म्हणत नाही. पण ती जमते कशी? जेवढे जंगल जाते, तेवढा निधी येतो. ज्या वर्षी एकही झाड पडणार नाही, त्या वर्षी या पेटीत नवा पैसाही पडणार नाही. चोरीच्या मालातून राखणदाराचा पगार द्यावा, तशी ही रचना आहे. आणि ती कायदेशीर असल्यामुळे तिच्याकडे बोट दाखवणे अधिकच अवघड झाले आहे.

भंडारा जिल्ह्यात हे सारे हाताच्या अंतरावर आहे. शहापुरावरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग भंडारा, साकोली ओलांडून देवरीकडे निघाला, की नागझिरा आणि नवेगाव यांच्यामधल्या जंगलातून जातो. कोका, नागझिरा, नवेगाव ही सर्व क्षेत्रे मिळून डिसेंबर २०१३ मध्ये व्याघ्रप्रकल्प झाला. त्याच वर्षी नागझिऱ्यातला 'जय' नावाचा वाघ हा महामार्ग आणि वैनगंगा ओलांडून उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात पोचला. त्याला पाहायला गाड्यांच्या रांगा लागल्या. २०१६ मध्ये तो दिसेनासा झाला, तेव्हा राज्यभर चर्चा झाली. चर्चा वाघाची झाली. तो ज्या वाटेने आला त्या धानाच्या बांध्यांची, झुडपी जंगलाची, बोड्यांच्या काठांची झाली नाही. त्या वाटेवर प्रवेशद्वार नाही, म्हणून प्रवेशशुल्कही नाही. ती अभयारण्य नाही, म्हणून तिचे मूल्य पाचपटही नाही. निधी जातो तो नकाशावर रंगवलेल्या भागाकडे, आणि वाघ तर नकाशा वाचत नाही.

मराठी साहित्याने या प्रदेशाला पुष्कळ दिले. व्यंकटेश माडगूळकरांचे 'नागझिरा' आहे. मारुती चितमपल्लींनी नवेगावचा परिसर मराठी वाचकाच्या मनात कायमचा वसवला. पक्ष्यांच्या वसाहतींसाठी 'काकागार', 'सारंगागार' असे शब्द घडवले. चितमपल्ली तर वनाधिकारी होते; मंजुऱ्या, हजेरीपट, अनुदाने यांचे कागद त्यांच्या टेबलावर आलेच असतील. तरी आपल्या अरण्यवाचनात जमाखर्च कुठे येत नाही. दोष लेखकांचा नाही. २००६ च्या सोलापूर संमेलनात आपण त्यांना अध्यक्षपदी बसवले, त्यांचे निसर्गप्रेम गौरवले, आणि ज्या भाषेत जंगलाची विल्हेवाट लागते ती भाषा कारकुनांवर सोडून दिली. 'वळतीकरण', 'प्रतिपूरक', 'निव्वळ मूल्य' हे शब्दही कुणी तरी घडवलेच आहेत, आणि 'काकागारा'पेक्षा त्यांची सत्ता कितीतरी मोठी आहे.

माझे म्हणणे साधे आहे. वनरक्षकाचा पगार, हंगामी वनमजुराची मजुरी आणि अभयारण्यांना जोडणाऱ्या वाटांची राखण हा राज्याचा नित्यखर्च समजावा व तो तिजोरीतून व्हावा. तुटलेल्या जंगलाच्या किमतीवर तो अवलंबून ठेवू नये. पैसा कुठून आणायचा, असे विचारले जाते. वन्यप्राण्याच्या हल्ल्यात माणूस गेला, तर राज्य २०२३ पासून वारसांना २५ लाख रुपये देते, आणि ते दिलेच पाहिजेत. तो पैसा कुठून येतो हे कुणी विचारत नाही. माणूस आणि वाघ समोरासमोर येऊ नयेत म्हणून आधी करायच्या खर्चाच्या वेळीच नेमकी तिजोरी आठवते.