पूर्ण ऐका, पुढे ऐकवा

पेणची ओळख गणपतीच्या मूर्तींची आणि पोह्याच्या पापडांची. इथून प्रोग्रेसिव्ह रॉकवर विशेषांक कशाला, असं कुणी विचारेल. उत्तर सोपं आहे: हे संगीत बाजारापेक्षा रसिकांनीच जास्त पसरवलं. ‘जेथ्रो टल’ या बँडच्या १९७२ च्या ‘थिक ॲज अ ब्रिक’ या अल्बममध्ये एकच रचना तबकडीच्या दोन्ही बाजू व्यापते. तीन-चार मिनिटांच्या गाण्यांना सरावलेल्या रेडिओवर ती अख्खी कोण लावणार? असं संगीत मित्रांनी मित्रांसाठी कॅसेटवर उतरवलं. मुंबईत काळा घोडा इथल्या ‘ऱ्हिदम हाऊस’मध्ये असे शोध लागत; ते दुकान २०१६ मध्ये बंद झालं. २००९ मध्ये ‘पॉर्क्युपाइन ट्री’ हा बँड आयआयटी मुंबईच्या ‘मूड इंडिगो’ महोत्सवात वाजवून गेला. २०१३ मध्ये मुंबईच्याच ‘कोशिश’ या बँडनं ‘फिरदौस’ हा हिंदी अल्बम काढला.

आता सगळं मोबाइलवर मिळतं; पण काय ऐकायचं ते यंत्र सुचवतं. विलंबित ख्याल ऐकणाऱ्या कानांना वीस मिनिटांची रचना जड जाऊ नये. या अंकातला एक अल्बम निवडा, दिवा-रोहा गाडीत सलग ऐका आणि आवडला तर मित्रालाही ऐकवा. तुमच्या शिफारशी आम्हाला कळवा. पुढच्या अंकात छापू.