ब्रॉडगेज आली, ब्रॉडबँडचे काय?

वाशीम जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यातील जऊळका या गावाची ओळख 'जऊळका रेल्वे' अशीच सांगितली जाते. अकोला-पूर्णा मार्गावरच्या या स्टेशनातून पूर्वी मीटरगेजची गाडी जात असे. २००८ मध्ये ब्रॉडगेज आली. रूळ रुंद व्हायला स्वातंत्र्यानंतर साठ वर्षे लागली खरी, परंतु एक गोष्ट मीटरगेजच्या काळातही पाळली गेली. साध्या पॅसेंजरचे तिकीट जऊळक्याला काढा की नागपूरला, तेवढ्याच अंतराला तेवढेच पैसे. पोस्टकार्डाचेही तेच. घरात येणाऱ्या इंटरनेटला मात्र हा न्याय लागू नाही.

हिशेब मांडण्याची सवय बँकेतल्या नोकरीने लावली. पुढे कादंबऱ्या लिहूनही ती सुटली नाही. म्हणून आधी जमेची बाजू. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, तेव्हा व्यक्तिगत ग्राहकाला २५० तासांसाठी ५,००० रुपये मोजावे लागत आणि वेग मिळे सेकंदाला ९.६ किलोबिट. टेलिफोनचे बिल वेगळेच. आज ३० मेगाबिटची जोडणी ही घरगुती वापराची पहिली पायरी समजली जाते. म्हणजे वेग तीन हजार पटींहून अधिक वाढला. भारतात इंटरनेट स्वस्त झाले, हे विधान शंभर टक्के खरे आहे. प्रश्न एवढाच, की ते कोणासाठी किती स्वस्त झाले?

एकाच कंपनीचे दोन दर शेजारी ठेवून पाहू. रिलायन्स जिओने २०२० मध्ये फायबरच्या तारेवरून ३० मेगाबिटची जोडणी महिना ३९९ रुपयांना जाहीर केली. मर्यादा ३,३०० जीबी. तार न पोचलेल्या घरांसाठी तिने सप्टेंबर २०२३ मध्ये बिनतारी एअरफायबर आणले. वेग तोच, दर ५९९ रुपये, मर्यादा १,००० जीबी. अठरा टक्के कर धरला तर ४७१ विरुद्ध ७०७. वर्षाचा फरक २,८३२ रुपये. बिनतारी दरात टीव्हीचे चॅनेल आणि मनोरंजनाची ॲप्स येतात, हे कंपनीच्या बाजूने सांगितलेच पाहिजे. पण ज्या घराला मुलीच्या परीक्षेचा अर्ज भरायचा आहे आणि बाजार समितीतला सोयाबीनचा भाव पाहायचा आहे, त्याने ती मनोरंजनाची थाळी का घ्यावी? जिथे तार नाही तिथे निवड नाही.

शिवाय जाहिरातीतल्या वेगाला 'पर्यंत' हा शब्द जोडलेला असतो. बिनतारी जोडणीत एका टॉवरची क्षमता अनेक घरांत वाटली जाते. संध्याकाळी सगळे घरी आले की माझ्याकडे पडद्यावर गोल चक्र फिरत राहते. बिल मात्र पूर्ण महिन्याचे येते. तेव्हा तुलना करायची तर छापील दराची नव्हे, उंबरठ्याच्या आत प्रत्यक्ष पोचलेल्या वेगाची करायला हवी. तशी केली की खेड्याचा दर आणखी चढा निघतो.

यात कंपन्यांना खलनायक ठरवून काही साधणार नाही. पुण्यातल्या एका सोसायटीत एक तार नेली की शंभर ग्राहक मिळतात. वाशीमच्या शिवारात तेवढ्याच खर्चात दहा मिळण्याची मारामार. हे गणित बाजार कधीच स्वतःहून सोडवत नाही. मी बँकेत लागलो तेव्हा रिझर्व्ह बँकेचा १९७७ चा नियम चालू होता: जिथे बँक आहे तिथे एक नवी शाखा हवी असेल, तर जिथे बँक नाही अशा चार ठिकाणी शाखा उघडा. या शाखा परवडत नाहीत अशी कुरकुर आम्ही बैठकांतून पुष्कळ ऐकली. पण खेड्यातल्या ठेवीदाराला व्याज शहराइतकेच मिळाले आणि सावकाराला एक पर्याय उभा राहिला. १९९० मध्ये तो नियम गेला.

इंटरनेटसाठी सरकारने काहीच केले नाही असे नाही. अडीच लाख ग्रामपंचायतींना तारेने जोडण्याची योजना २०११ मध्ये मंजूर झाली, पुढे तिचे 'भारतनेट' झाले आणि २०२३ मध्ये तिच्यासाठी सुमारे १ लाख ३९ हजार कोटी रुपये मंजूर झाले. यासाठीचा निधी दूरसंचार कंपन्यांच्या महसुलातून, म्हणजे अंतिमतः तुमच्या-आमच्या बिलातूनच जमतो. परंतु तार ग्रामपंचायतीच्या कपाटापर्यंत गेली म्हणजे गाव जोडले गेले, असे कागदावर धरले जाते. तिथून घरापर्यंतचे अंतर कोणाच्या खात्यावर टाकायचे?

इतरांनी याचे उत्तर शोधले आहे. फिनलंडने १ जुलै २०१० पासून एक मेगाबिटची जोडणी हा नागरिकाचा कायदेशीर हक्क केला. आपल्याच देशातल्या केरळने जून २०२३ मध्ये स्वतःचे जाळे सुरू केले; २० मेगाबिटला २९९ रुपये आणि गरीब कुटुंबांना मोफत देण्याचे धोरण.

महाराष्ट्राने मात्र आकाशाकडे पाहिले आहे. ५ नोव्हेंबर २०२५ रोजी राज्याने स्टारलिंकशी इरादापत्र केले; त्यात गडचिरोली, नंदुरबार, धाराशिवबरोबर वाशीमचेही नाव आहे. या सेवेचा अमेरिकेतला आरंभीचा दर २०२० मध्ये महिना ९९ डॉलर होता, तबकडीचे ४९९ डॉलर निराळे. जंगल-डोंगरातल्या आरोग्य केंद्राला उपग्रह वरदान ठरेल, यात शंका नाही. पण जऊळक्याला रेल्वे स्टेशन आहे, जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग गेला आहे. इथे अडचण भूगोलाची नाही, हिशेबाची आहे.

म्हणून मागणी साधी आहे. शहरात नवे जाळे पसरवणाऱ्याला ठरावीक खेड्यांतली घरेही जोडायला लावा. तूट त्या निधीतून भरा. आणि योजनेचे यश ग्रामपंचायतीच्या दारात न मोजता घरातल्या वेगावर मोजा. तिकिटाचा आणि पोस्टकार्डाचा दर सर्वांना एक ठेवणे ज्या देशाला गरिबीत जमले, त्याला हे आज जमू नये असे कोणते कारण आहे?