पाना-पक्कड : हवेच्या उशीवर ट्रक

मागच्या अंकात आम्ही तळघरातल्या संप पंपाबद्दल लिहिलं, त्यावर तीन फोन आले. दोन पंपाबद्दलच होते. तिसऱ्या गृहस्थांनी विचारलं, "अहो, तुम्ही पिकअप ट्रकला एअर बॅगा बसवल्यात म्हणे. आम्हीही ट्रेलर घेतोय. बसवू का?" आम्ही आधी 'हो' म्हणालो, मग 'नाही' म्हणालो, आणि शेवटी 'अंकात लिहितो' म्हणून सुटका करून घेतली. तर वाचकहो, हे ते उत्तर.

आधी एक खुलासा. अपघातात स्टिअरिंगमधून फुगून बाहेर येते ती एअर बॅग ही नव्हे. ही ट्रकच्या मागच्या बाजूला, फ्रेम आणि ॲक्सल यांच्यामध्ये बसवायची रबराची जाड पिशवी. डावीकडे एक, उजवीकडे एक. ट्रकला मागे पोलादी कमानपाटे असतातच. ट्रेलर जोडला की ते दबतात, ट्रकचं बूड बसतं, नाक वर जातं आणि रात्री आपले दिवे समोरच्या बिचाऱ्याच्या थेट डोळ्यांत. पिशव्यांत हवा भरली की पाट्यांना आधार मिळतो आणि बूड पुन्हा वर येतं.

कल्पना काही नवी नाही. फायरस्टोन कंपनीने १९३० च्या दशकातच हवेच्या स्प्रिंगांचे प्रयोग केले होते. १९५३ पासून जनरल मोटर्सच्या बशींत त्या आल्या आणि १९५४ साली ग्रेहाउंडच्या प्रसिद्ध सीनिक्रूझर बशीतही. म्हणजे दोन सुटकेसी घेऊन या देशात उतरलेल्या आपल्या आधीच्या पिढीतले कित्येकजण पहिल्या प्रवासाला हवेवर बसूनच गेले असतील, फक्त त्यांना ठाऊक नव्हतं! १९५७ च्या एका कॅडिलॅकला हे प्रकरण लावलं, तेव्हा मात्र हवा गळून गळून लोकांनी कंटाळून पोलादी स्प्रिंगा बसवून घेतल्या. आणि आपल्या मुंबईच्या लोकलच्या डब्यांखालीही हवेच्या स्प्रिंगा आल्या, त्या गर्दीपायीच. सकाळी साडेआठला दादरला डब्यात किती माणसं असतात आणि दुपारी किती, हा फरक पोलादी स्प्रिंगेला झेपत नाही. हवा कमीजास्त करता येते.

आता आमची गोष्ट. मंडळाच्या पार्किंगमध्ये कॅम्री आणि ओडिसी यांच्या रांगेत एकच पिकअप असतो, तो आमचा. गणपतीत मखर आणि टेबलं आणायची असली की आमचा भाव वधारतो, एरवी लोक "शेती घेतलीत का?" असं विचारतात. डेन्व्हरला राहायचं आणि डोंगरात जायचं नाही हे मुलांना पटेना, म्हणून आम्ही एक जुना ट्रॅव्हल ट्रेलर घेतला. ट्रकच्या माहितीपत्रकात ठळक अक्षरांत लिहिलं होतं : ओढण्याची क्षमता ९,००० पौंड. ट्रेलरचं रिकामं वजन ५,२००. आम्ही पडलो मेकॅनिकल इंजिनियर, सांगलीला शिकलेलो, शिवाय इथली एम. एस. वजाबाकी आम्हाला येते. ३,८०० पौंड शिल्लक! मग काय, साखरेचं पोतंसुद्धा नेऊ म्हटलं.

ट्रेलर जोडला आणि ट्रक असा बसला, जणू जेवून ओसरीवर टेकलेले आजोबा. ज्यांनी ट्रेलर विकला ते म्हणाले, "एअर बॅगा टाका, चिंता मिटली." चारशे डॉलरच्या पुढे एक किट आणलं आणि एका शनिवारी ड्राइव्हवेत ट्रकखाली शिरलो.

काम तसं अवघड नाही, पण चुका करायला भरपूर वाव आहे. आमच्या ट्रकमध्ये मूळचे रबरी ठोकळे काढून त्यांच्याच जागी बॅगा बसतात. हवेची नळी कात्रीने कापू नका, धारदार पात्याने काटकोनात कापा, नाहीतर जोडापाशी हवा गळते. धुराच्या नळीकडच्या बॅगेला किटमधला उष्णतेचा पत्रा लावाच. दोन बॅगांना दोन स्वतंत्र नळ्या आणि दोन स्वतंत्र व्हॉल्व्ह ठेवा. एकाच नळीला दोन्ही जोडल्या, तर वळणावर दबलेल्या बॅगेतली हवा दुसरीत पळते आणि ट्रक जास्तच झुकतो. नंतर साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघा. आणि ओझं नसलं तरी निदान ५ पीएसआय हवा कायम ठेवा. रिकामी बॅग चिमटून फाटते. वरची मर्यादा १००. आम्हाला पाच तास लागले. त्यातला एक तास हातातून निसटलेला नट शोधण्यात गेला.

ट्रेलर जोडून हवा भरली. ३५, ४०, ५०. बूड उचललं. आम्ही ट्रकच्या कडेवर स्पिरिट लेव्हल ठेवली, बुडबुडा बरोब्बर मध्ये! शेजाऱ्यांना बोलावून दाखवला. ही म्हणाली, "पोळ्या लाटून झाल्यात, आता निघूया."

आय-७० ने पश्चिमेला चढत गेलं की आयझेनहॉवर बोगदा लागतो. ११,१५८ फूट उंची, १९७३ साली उघडलेला. चढ ठीक गेला. बोगद्यातून बाहेर पडलं की सिल्व्हरथॉर्नपर्यंत ७ टक्क्यांचा उतार आहे, ब्रेक गेलेल्या ट्रकांसाठी बाजूला वाळूखडीचे चढ करून ठेवलेला. तिथे स्टिअरिंग विचित्र हलकं वाटायला लागलं, म्हणजे चाक फिरवतोय आणि गाडी जरा विचार करून मग वळतेय. तेवढ्यात डावीकडून एक अठरा चाकी गेला. त्याच्या हवेने ट्रेलर आधी ढकलला गेला, मग ओढला गेला, आणि शेपूट हलवायला लागला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा जास्त. आरशात एकदा ट्रेलरची डावी भिंत दिसे, एकदा उजवी. मागच्या सीटवरची भांडणं एकदम थांबली. हिने दाराच्या वरचा दांडा धरला, शब्द नाही.

वाचलेलं एवढंच आठवलं की ट्रकचा ब्रेक दाबायचा नाही आणि स्टिअरिंगने खेळायचं नाही. पाय गॅसवरून काढला, चाक सरळ धरलं आणि फक्त ट्रेलरचे ब्रेक लावणारा खटका बोटाने दाबला. ट्रेलर मागे ताणला गेला आणि सरळ झाला. सगळा प्रकार सात-आठ सेकंदांचा असेल. पुढच्या एक्झिटला उतरून थांबलो तेव्हा धाकटी म्हणाली, "बाबा, आपण घरी जाऊया ना." आम्ही दिवसाचा बेत रद्द केला, दोन रात्री डिलनच्या तलावाकाठी काढल्या, आणि ट्रेलरच्या टाकीतलं पाणी सोडून, धोक्याचे दिवे लावून, खालच्या गिअरमध्ये परतलो. पण जाण्याआधी हवं ते केलं नव्हतं, ते परतल्यावर केलं. वजन.

हायवेलगतच्या ट्रक स्टॉपवर 'कॅट स्केल' नावाचा मोठा काटा असतो. त्याचे तीन पाट : पुढची चाकं पहिल्यावर, मागची दुसऱ्यावर, ट्रेलरची तिसऱ्यावर. खर्च पंधरा डॉलरच्या आसपास. पोलिसांचा संबंध नाही, वजन जास्त भरलं म्हणून कुणी पकडत नाही. आम्ही टाकी पुन्हा भरली, सगळं सामान आणि चौघे तसेच बसून आधी नुसता ट्रक तोलला, मग ट्रेलरसकट. नुसता ट्रक : पुढे ३,३४०, मागे ३,०८०. ट्रेलर जोडल्यावर : पुढे २,९८०, मागे ४,२६०, ट्रेलरच्या चाकांवर ५,४८०.

आता ट्रकच्या ड्रायव्हरच्या दाराची चौकट बघा. तिथे दोन चिकटपट्ट्या असतात. एकीवर आमच्या ट्रकचं कमाल एकूण वजन ७,००० पौंड आणि मागच्या ॲक्सलचं कमाल ३,८००. दुसरीवर लिहिलेलं की माणसं आणि सामान मिळून १,४८० पौंडांच्या वर जाता कामा नये. आमचा ट्रक भरला ७,२४०, आणि मागच्या ॲक्सलवर ४६० पौंड जास्त. बुडबुडा मात्र मधोमध!

नऊ हजारांचं काय झालं मग? तर ट्रेलरचं सगळं वजन त्याच्या चाकांवर नसतं. दहा ते पंधरा टक्के हिचवर, म्हणजे ट्रकच्या शेपटावर येतं. इथे त्याला टंग वेट म्हणतात. आमचं ८२० पौंड. ते ट्रकचं सामान म्हणून धरायचं. त्यात चौघांचं ५३५, मागचं सामान २६०, हिचचा लोखंडी दांडा ६०, आणि, हसू नका, बॅगांच्या किटचेच ४०. झाले १,७००च्या आसपास. ट्रेलर नऊ हजारांच्या कितीतरी आत, पण त्याआधीच दाराची पट्टी संपलेली. ओढण्याचे हे आकडे पूर्वी प्रत्येक कंपनी आपापल्या मनाने काढी. मग एसएईचं जे२८०७ मानक आलं. ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅमजवळच्या चढावर भर उन्हाळ्यात ट्रक चढवायचा वगैरे. टोयोटाने ते २०११ च्या टुंड्राला पहिल्यांदा लावलं. पण त्यातही ट्रकमध्ये दीडदीडशे पौंडांची दोनच माणसं धरलेली असतात. दोन मुलं, कूलर, कुकर आणि तांदळाची पिशवी धरलेली नसते.

खरी चूक मात्र त्या पुढच्या आकड्यात आहे. ३,३४० चे २,९८० झाले, म्हणजे पुढच्या चाकांवरचे ३६० पौंड उडाले. शेपटावर ओझं ठेवलं की मागचा ॲक्सल टेकू होतो आणि नाक उचललं जातं. बॅगांनी बूड वर उचललं, पण एक पौंडसुद्धा पुढे नेलं नाही. स्टिअरिंग हलकं वाटत होतं ते त्यामुळे.

हे आम्हाला ठाऊक नव्हतं असंही नाही. आजोळी वाळवा तालुक्यात उसाच्या बैलगाड्या भरताना लहानपणी पाहिल्या आहेत. मागे जास्त भरला की गाडी उलाळ होते, जू वर उचललं जातं आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. गडी मोळ्या पुढे सरकवून धुरेवर अदमासाने ओझं आणायचा, पण बैलांच्या मानेला झेपेल एवढंच. टंग वेट ते हेच, फक्त त्याला त्याची टक्केवारी कुणी शिकवली नव्हती. तो गडी आमच्या ड्राइव्हवेत असता, तर त्याने स्पिरिट लेव्हल नव्हे, बैल कसे उभे आहेत ते बघितलं असतं.

उपाय काय केला? वजन पुढे ढकलणारी वेगळी वस्तू असते, वेट डिस्ट्रिब्यूशन हिच. दोन ताणलेले पोलादी दांडे ट्रक आणि ट्रेलर यांच्या सांध्याला पिळतात आणि शेपटावरचं थोडं ओझं पुढच्या चाकांवर, थोडं ट्रेलरच्या चाकांवर टाकतात. आमच्या हिचवरच्या पट्टीवर स्पष्ट लिहिलं होतं की टंग वेट ५०० पौंडांच्या वर असेल तर असं हिच वापरा. तिच्याच खाली आम्ही पाच तास उताणे पडलो होतो, वाचली नाही.

मग टाकी रिकामी न्यायला लागलो. चाळीस गॅलन पाणी म्हणजे ३३० पौंड, आणि आमची टाकी ट्रेलरच्या पुढच्या भागात. सरपण बंद, ते तिथेच विकत मिळतं. बॅगांत किमान हवा ठेवून आधी हिच जुळवलं, आणि उरलेला उतार तेवढा हवेने काढला. ५० पीएसआय लागत होते तिथे आता १५ पुरतात. पुन्हा काटा : पुढे ३,२४०, मागे ३,७००, ट्रेलर ५,३००. ट्रकचे ६,९४०. साठ पौंड शिल्लक. वाढत्या वयाचा मुलगा घरात असताना साठ पौंड म्हणजे फार नव्हे.

तेव्हा फोन करणाऱ्या गृहस्थांना : बसवा की. दिवे खाली येतात, खड्ड्यात बूड आपटत नाही, डावी बाजू जड असेल तर तेवढीच उचलता येते. कंपन्यांची पुस्तिकाही सांगते की ट्रकचं ठरलेलं कमाल वजन याने वाढत नाही. आधी दाराची पट्टी वाचा, मग काट्यावर जा, मग किट घ्या. आणि ट्रेलर अजून घेतला नसेल, तर त्याचं रिकामं वजन नव्हे, भरलेलं वजन विचारा.

काट्याची ती चिठ्ठी हिने फ्रिजवर लावली आहे. गेल्या खेपेला निघताना हिने ट्रकच्या मागचं सामान एकेक करून न्हाणीघरातल्या काट्यावर ठेवलं. कुकर पास झाला, तांदूळ पास झाले. आमची हत्यारांची पेटी सत्तर पौंड भरली. "ही कशाला?" एवढंच म्हणाली. पेटी गॅरेजात राहिली. पाना आणि पक्कड तेवढी सीटखाली टाकून आणली.