समुद्रात "वाया" जाणारं पाणी

परवा धारणीतल्या एका टपरीवर चहा पिताना ते वाक्य पुन्हा कानावर आलं. "तापीचं येवढं पानी फुकट समुद्रात जाऊन राह्यलं नं भाऊ!" सगळ्यांनी माना डोलावल्या. भाषणात, अग्रलेखात, शाळेच्या निबंधात, सगळीकडे हेच. मला मात्र हल्ली ते ऐकलं की एक गोगलगाय आठवते.

नेरिटिना तिचं नाव. जेमतेम नखाएवढी, वाटोळ्या शंखाची, तोंडाला घट्ट झाकण. खाडीच्या मचूळ पाण्यात आणि समुद्राला मिळणाऱ्या नद्यांत दगडावरचं शेवाळ खरवडून जगते. कोकणातल्या खाड्यांमध्येही तिचे नातलग आहेत. नदीत राहणाऱ्या तिच्या अनेक जाती दगडांवर पांढऱ्या ठिपक्यांसारखी अंडी चिकटवतात. पिल्लं प्रवाहाबरोबर समुद्रात जातात, खाऱ्या पाण्यात वाढतात आणि मग नदीच्या मुखाशी येऊन प्रवाहाविरुद्ध वर चढू लागतात. कोस्टारिकात अशा हजारोंच्या रांगा पाहिल्या गेल्यात. पोटात पाय घेऊन! मध्ये कोरडी भिंत आली की प्रवास संपला.

आता सांगा, तिच्या दृष्टीनं समुद्रात गेलेलं पाणी वाया गेलं? अहो, तोच तर तिचा पाळणा.

धारणीत बसून खाडीतल्या गोगलगाईची काळजी कशाला, असं कुणी म्हणेल. पण खाडीत पोचणारं पाणी निघतं इथूनच. आमची सिपना तापीला मिळते. मुलताईपासून समुद्रापर्यंत तापी 724 किलोमीटर. त्या वाटेवर 1954 मध्ये काकरापार आलं, 1972 मध्ये उकाई. 10 मे 2025 ला तापी खोरे महापुनर्भरण योजनेचा महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशात करार झाला.

गैरसमज नको. खारपाणपट्ट्यातल्या माणसाला गोड्या पाण्याचं मोल मी काय सांगणार? त्याला पाणी मिळालंच पाहिजे. माझं भांडण धरणाशी नाही, "वाया" या शब्दाशी आहे. एकदा पाणी वाया ठरलं की शेवटचा थेंब अडवणंही पुण्यकर्म होतं. मग नदीसाठी किती सोडायचं, हा प्रश्नच कुणी विचारत नाही.

हवाईत याच गोगलगाईच्या एका जातीला हिहीवाई म्हणतात, लोक ती आवडीनं खातात. तिथल्या माउई बेटावरचे ओढे उसाच्या मळ्यांसाठी शंभरावर वर्षं वळवलेले होते. (ऊस! ओळखीचं वाटतंय ना?) अळू पिकवणारे शेतकरी वर्षानुवर्षं भांडले, तेव्हा कुठे 2018 मध्ये जलआयोगानं अनेक ओढ्यांत पाणी परत सोडायचा आदेश दिला. म्हणजे पिणाऱ्याचा, पिकवणाऱ्याचा आणि नदीचा वाटा एकाच कागदावर मांडता येतो.

आपल्या कागदावर टीएमसीचे रकाने असतात. त्यात एक रकाना नदीच्या नावाचा असावा, एवढंच मागणं आहे.

टपरीवर मी गप्प बसलो होतो. पुढच्या वेळी नाही बसणार.