आमचा हा उद्योग बंद पाडा

प्रति,
मा. व्यवस्थापकीय संचालक,
राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळ (एनएफडीसी)
आणि राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय, पुणे



नोव्हेंबर २०२३ मध्ये गोव्याच्या ‘इफ्फी’ महोत्सवात तुम्ही ‘श्यामची आई’ दाखवलीत. आचार्य अत्र्यांचा १९५३ चा चित्रपट, राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळवणारा पहिला, आता डागडुजी करून पुन्हा पडद्यावर आणलेला. पुढच्या वर्षी त्याच महोत्सवात, पणजीत, दादासाहेब फाळक्यांचा १९१९ चा ‘कालिया मर्दन’ झाला, तोही पडद्यासमोर प्रत्यक्ष वाजणाऱ्या संगीतासह. दोन्हींबद्दल मनापासून अभिनंदन. आता मुद्द्याचं विचारतो. ज्याला त्या आठवड्यात पणजी गाठता आली नाही, त्याने काय करायचं?

तो काय करतो ते मला ठाऊक आहे, कारण मीही तेच करतो. घरी बसून स्वतःची ब्लू-रे डिस्क बनवतो.

आमच्यासारखे बरेच आहेत. कुणी बँकेतून निवृत्त झालेला, कुणी आयटीतला, कुणी शाळेत गणित शिकवणारा. रविवारची दुपार आणि घरच्यांचे टोमणे एवढ्या भांडवलावर हा धंदा चालतो. धंदा म्हटलं खरं, पण विक्री नाही. डिस्क कपाटात जाते, फार तर एखाद्या मित्राकडे. तुमच्याकडे ज्या कामाला प्रयोगशाळा आहेत, तज्ज्ञ आहेत, त्याची आम्ही घरगुती नक्कल करतो. ती कशी करतो हे एकदा तुमच्या कानावर घालावं म्हणून हे पत्र.

सुरुवात जी प्रत हाती लागेल तिच्यापासून. जुनी डीव्हीडी, किंवा दूरदर्शनवर लागलेला चित्रपट कुणीतरी कधीकाळी व्हीएचएसवर उतरवून ठेवलेला. अशा प्रतीचा वेग आधी तपासावा लागतो. बोलपट सेकंदाला चोवीस चौकटींनी चालतो, आपलं टीव्ही प्रसारण पंचवीसने. त्यामुळे टीव्हीवरून उतरवलेला दोन तासांचा चित्रपट जवळजवळ पाच मिनिटं आधीच संपतो. ते परवडलं, पण गाण्यांची पट्टी चढते. काळी एकमधलं गाणं पांढरी दोनच्या उंबरठ्यावर जाऊन पोचतं, आणि ज्याने ते रेकॉर्डवर ऐकलंय त्याच्या कपाळाला आठ्या पडतात. म्हणून सगळा चित्रपट पुन्हा चोवीसवर आणायचा, आवाजही त्याच मापाने खाली उतरवायचा. ‘कालिया मर्दन’च्या जातीच्या मूकपटात तर कॅमेरा हातानेच फिरवलेला. तो बोलपटाच्या वेगाने लावला की बाळकृष्ण दुडक्या चालीने पळत सुटतो. त्या चित्रपटाच्या आरंभी फाळक्यांनी आपल्या लहानग्या मंदाकिनीच्या चेहऱ्यावरचे एकामागून एक भाव दाखवले आहेत आणि मग तीच कृष्ण होऊन येते. ते भाव सावकाश उमटले तरच कळतात.

मग चौकट. ‘प्रभात’ फिल्म कंपनीच्या काळातला पडदा जवळजवळ चौकोनी, आताचे टीव्ही आडवे. दोन बाजूंना काळे पट्टे दिसले की गिऱ्हाईक तक्रार करतं, म्हणून बाजारातल्या कितीतरी प्रतींत चित्र ताणलेलं असतं, नाहीतर वरून-खालून छाटलेलं. छाटलं की जवळपास पाव चित्र गेलं. ‘संत तुकाराम’ अशा प्रतीत बघा. विष्णुपंत पागनिसांचं पागोटं अर्धं कापलेलं आणि युगानुयुगं विटेवर उभ्या असलेल्या विठोबाची वीटच गायब. वर कोपऱ्यात विकणाऱ्या कंपनीचा बिल्ला, तोही पहिल्या दृश्यापासून शेवटच्या दृश्यापर्यंत. तो बिल्ला घालवण्यासाठी दुसरी एखादी प्रत शोधून तिचा तेवढा कोपरा या चित्रावर चिकटवण्याचे उद्योग आम्ही केले आहेत. हसू नका, रात्रीच्या रात्री जातात त्यात.

आवाजाचं प्रकरण याहून नाजूक. शांतारामबापूंच्या ‘कुंकू’ला (१९३७) पार्श्वसंगीत नाही. जे ऐकू येतं ते त्या घरातलं, त्या रस्त्यावरचं. त्यातल्या म्हाताऱ्या काकासाहेबांच्या जुन्या घड्याळाची टिकटिक हे त्या चित्रपटातलं एक पात्रच आहे. संगणकाला ‘खरखर काढ’ असं सांगितलं की तो टिकटिकही खरखरीबरोबर पुसून टाकतो, कारण त्याच्या लेखी दोन्ही एकच. खोलीतली शांतता ठार मुकी होते आणि नायिका शांता आपट्यांचा आवाज डब्यातून आल्यासारखा वाटतो. आम्ही थोडी खरखर ठेवतो. चित्राचंही तेच. फिल्मचे बारीक कण साफ घासून काढले की चेहऱ्यांवरच्या सुरकुत्याही जातात. जुना चित्रपट जुना दिसला तर बिघडत नाही, हे तुमच्या तंत्रज्ञांना मी काय सांगणार! पण बाजारात विकणाऱ्यांना जरूर सांगा.

उपशीर्षकांवर मात्र माझा विशेष जीव आहे. न्यू जर्सीत वाढलेल्या भाच्याला ‘श्यामची आई’ दाखवायची तर इंग्रजी हवीच. आईला आता कमी ऐकू येतं, तिला मराठीतूनच हवीत. देवनागरी अक्षरं साध्या मजकुराच्या फाइलमधून टीव्हीला दिली की पुष्कळ टीव्ही गोंधळतात. पहिली वेलांटी अक्षराच्या भलत्या बाजूला जाऊन बसते, जोडाक्षरं फुटतात, ‘विठ्ठल’ ओळखू येत नाही. ब्लू-रेवर उपशीर्षकं चित्ररूपाने बसवता येतात. प्रत्येक ओळीचं छोटं चित्र, ठरल्या क्षणी उमटणारं आणि ठरल्या क्षणी पुसलं जाणारं. मग ‘श्यामची आई’तला ‘श्य’ कुठल्याही यंत्रावर ‘श्य’च राहतो. काम किचकट आहे. वाक्य तोडायचं कुठे, श्यामच्या आईच्या कोकणी वळणाच्या बोलण्याचं प्रमाण मराठी करायचं की नाही, यावर आमच्यात भांडणं झाली आहेत. माझं मत, करू नये.

एवढं झालं की मेन्यू, प्रसंगांच्या खुणा, पंचवीस जीबीची कोरी डिस्क, घरच्या प्रिंटरवर छापलेलं वेष्टन. कोऱ्या डिस्कचंही आता कठीण होत चाललंय. सोनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये लिहिता येणाऱ्या ब्लू-रे डिस्कचं उत्पादन बंद केलं. आमच्या कपाटांत जो साठा आहे तो पुरेल तेवढा पुरेल.

हे सगळं करूनही हाती येतं ते काय? मूळ प्रत वाईट असेल तर डिस्कही वाईटच. सुबक वेष्टनातली वाईट प्रत. तुमच्याकडे असलेल्या निगेटिव्हचा, स्कॅनचा, दुरुस्त केलेल्या रिळांचा वाराही आम्हाला लागत नाही. आणि तुमच्याकडे ते आहे. मे २०२२ मध्ये तेव्हाच्या माहिती व प्रसारण मंत्र्यांनी तुमच्या पुण्याच्या कार्यालयात येऊन चित्रपटांच्या पुनरुज्जीवनासाठी ३६३ कोटी रुपये जाहीर केले, सुमारे २,२०० चित्रपटांचा संकल्प सांगितला. पैसा जनतेचा. ग्रंथालयाने जीर्ण पोथी उत्तम बांधून घ्यावी आणि कपाटाची किल्ली फक्त संमेलनाच्या दिवशी काढावी, तसं हे चाललंय.

यावर पहिला आक्षेप येईल हक्कांचा. आपल्या कायद्यात चित्रपटाचा हक्क प्रदर्शनाच्या पुढल्या वर्षापासून साठ वर्षं. ‘श्यामची आई’ची मुदत २०१३ अखेर संपली, ‘प्रभात’च्या चित्रपटांची त्याच्याही आधी. गाण्यांच्या शब्दांचा आणि चालींचा हिशेब वेगळा, तो कर्त्यांच्या निधनापासून धरतात. अत्रे १९६९ मध्ये गेले, म्हणजे तिथे विचारपूस करावी लागेल. तुमच्याकडे विधी विभाग आहे, आमच्याकडे नाही. ज्याची मुदत चालू आहे त्या चित्रपटाला हात लावायचा नाही, असा माझा आपला नियम आहे. सगळे पाळतात असा दावा मी करणार नाही. पण हक्काची डिस्क बाजारात नसते तेव्हाच बिनहक्काच्या डिस्कला पाय फुटतात, हे तुम्हालाही दिसत असेल.

याचं जगजाहीर उदाहरण ‘स्टार वॉर्स’. १९७७ साली लोकांनी थिएटरात जो पाहिला तो चित्रपट जॉर्ज ल्युकसने १९९७ मध्ये नवी दृश्यं घालून बदलला आणि पुढे त्यावर हात फिरवतच राहिला. गंमत म्हणजे १९८८ मध्ये अमेरिकन काँग्रेससमोर जाऊन, जुन्या चित्रपटांत ढवळाढवळ करू नये, अशी साक्ष याच गृहस्थाने दिली होती. मूळ रूप २००६ मध्ये डीव्हीडीवर आलं ते तोंडी लावण्यापुरतं, लेझरडिस्कसाठी केलेल्या जुन्या प्रतीवरून. मग चेक प्रजासत्ताकातल्या एका चाहत्याने अधिकृत ब्लू-रे पाया धरून बदललेला एकेक तुकडा इतर प्रतींतून भरून काढला. दुसऱ्या एका गटाने त्या काळची ३५ मिलिमीटरची थिएटरातली प्रतच मिळवून ती स्कॅन केली. जगभरच्या रसिकांना १९७७ चा चित्रपट पाहायला मिळाला तो या हौशी मंडळींमुळे. कायदा त्यांच्या बाजूने नव्हता, पण चित्रपटाचा इतिहास तेवढा काळ त्यांच्या घरांत राहत होता. मालकाने मूळ चित्रपट नीट काढला असता तर यातल्या कुणालाच वर्षानुवर्षं डोळे फोडावे लागले नसते.

तुम्हाला हे काम नवीन नाही, हीच खरी चुटपुट लावणारी गोष्ट. याच महामंडळाने ‘सिनेमाज ऑफ इंडिया’ नावाने दुरुस्त केलेल्या चित्रपटांच्या डीव्हीडी काढल्या होत्या. ‘जाने भी दो यारो’, ‘मिर्च मसाला’ अशा. आमच्याकडच्या कित्येकांच्या कपाटात त्या आजही मानाने उभ्या आहेत. आता संग्रहालय आणि महामंडळ एकाच छत्राखाली आली आहेत, म्हणजे जपणारा हात आणि विकणारा हात एकाच देहाचे झाले. तरीही एकाची दुसऱ्याशी गाठ पडत नाही.

खप होणार नाही, असं तुमचा हिशेबनीस म्हणेल. बरोबरच आहे, हजारांनी खपणार नाही. पण हजारांनी छापायचीच कशाला? वॉर्नर ब्रदर्सने २००९ मध्ये आपल्या भांडारातले जुने चित्रपट मागणी येईल तशी एकेक डिस्क बनवून विकायला सुरुवात केली. गोदाम नाही, न खपलेल्या मालाचे ढिगारे नाहीत. पुढे त्यांतल्या कित्येकांच्या रीतसर ब्लू-रे निघाल्या आणि लोक अजून घेतायत. लॉ कॉलेज रस्त्यावरच्या तुमच्या इमारतीत हे होणं अशक्य आहे का? टीव्हीवरच्या ॲपने भागेल, असंही कुणी म्हणेल. ॲपवर आज असलेला चित्रपट उद्या करार संपला की गेला. राहिला तरी चित्र इतकं आवळलेलं की अंधारातल्या दृश्यांचं पिठलं होतं.

डिस्क काढलीत तर तिच्यात काय असावं, हेही आगाऊपणाने सांगून टाकतो. ‘प्रभात’ने बरेच चित्रपट मराठी आणि हिंदी असे वेगवेगळे चित्रित केले. ‘कुंकू’ आणि ‘दुनिया न माने’, ‘माणूस’ आणि ‘आदमी’, ‘शेजारी’ आणि ‘पडोसी’. दोन्ही एका डिस्कवर द्या, काय बदललं ते बघण्यात निराळीच मजा आहे. ‘कालिया मर्दन’ला संगीत लावून आणि न लावता, दोन्ही तऱ्हांनी द्या. सोबत चार पानांची पुस्तिका असू द्या. रीळ कुठून मिळालं, कुठे तुटलेलं होतं, कुठली दृश्यं सापडलीच नाहीत ते तिच्यात सरळ लिहा. हे काम करणाऱ्यांची नावंही छापा. फार कमी लोकांना ती ठाऊक आहेत.

आणि एक जुनी जखम आहे, ती उघडायला संकोच वाटतो. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात ‘प्रभात’च्याच जुन्या आवारात ठेवलेल्या तुमच्या नायट्रेट फिल्मना आग लागली आणि पुन्हा न मिळणारं बरंच काही गेलं. पी. के. नायरांनी जन्मभर गोळा केलेलं ते धन. आपला पहिला बोलपट ‘आलम आरा’ तर एकाही प्रतीत उरलेला नाही. तिकडे बीबीसीने ‘डॉक्टर हू’ या मालिकेचे कितीतरी जुने भाग पुसून टाकले होते. त्यांचा आवाज आज उपलब्ध आहे तो कुणीतरी घरी टीव्हीजवळ टेपरेकॉर्डर लावून बसलं होतं म्हणून. एका गोदामातली एक प्रत आणि हजार घरांतल्या हजार प्रती, यांत जास्त दिवस काय टिकेल? आम्ही घेतलेल्या डिस्कच्या जोरावर तुम्ही तिजोरी रिकामी करा, असं म्हणत नाही. एवढंच म्हणतो की आमची कपाटंही तुमचीच समजा.

तेव्हा ‘श्यामची आई’ची माझी मागणी आत्ताच नोंदवून घ्यावी ही विनंती. दोन प्रती. किंमत तुम्ही ठरवा, घासाघीस करणार नाही. एक घरी ठेवेन, एक भाच्याला धाडेन. मराठी उपशीर्षकं तयार हवी असतील तर माझी आहेत, वेळा जुळवलेल्या, वेलांट्या जागच्या जागी. मोबदला नको, पुस्तिकेत नावही नको. फक्त आईच्या बोलण्यातलं कोकण पुसू नका.

आपला,
घरी डिस्क बनवणारा एक चित्रपटवेडा